आखूड कॉईल

कोराडीच्या कॉलनीत राहायला आलो, तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. बाबा वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. वाळत घातलेल्या धुण्यावर राख इतकी हलकी उतरायची, की संध्याकाळी पांढरी लुगडी ढगाच्या रंगाची व्हायची.

आईकडे तेव्हा विजेची शेगडी होती. भाजक्या मातीची थाळी, तिच्या खाचांत तारेची कॉईल. बटण दाबलं की कॉईल आधी काळी, मग जांभळट, मग केशरी होत जायची. हिवाळ्यात सकाळी मी पांघरुणातूनच बघत राहायचे. तो उजेड आईच्या हनुवटीवर चढायचा आणि आपण जागे आहोत की अजून झोपेत, तेच मला कळायचं नाही.

कॉईल अधूनमधून तुटायची. आई प्लग काढून जळका तुकडा छाटायची आणि उरलेली टोकं एकमेकांत अडकवायची. एकदा ती बाबांना म्हणाली, "जेवढे बार तुटते, तेवढं दूध लवकर उतू जाते. काहून जी?"

"तुले भास होऊन राहिला," बाबा हसले. "तार कमी झाली तर ऊब कमीच होईन ना."

मलाही बाबांचंच खरं वाटलं. पण आईचा चेहरा उतरलेला पाहून मी कॉलेजात फिजिक्सच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, "शेगडी घेऊन ये. आईंनाही आण."

आई कधी शाळेत गेली नव्हती. बसमध्ये शेगडी मांडीवर घेऊन ती खिडकीबाहेर बघत बसली होती. प्रयोगशाळेत दुपारचं ऊन काचेच्या कपाटांवर झोपल्यासारखं पडलं होतं. ती दारातच चपला काढायला लागली. सरांनी नको म्हटलं तरी काढल्याच.

सरांनी शेगडीला दोन मीटर जोडले. कॉईल लाल झाली. काटे थरथरले आणि थांबले. दाब दोनशे वीस व्होल्ट, प्रवाह साडेपाच अँपिअर. मी फळ्यावर भागाकार केला, रोध चाळीस ओहम आला. मग गुणाकार. बाराशे दहा वॅट.

शेगडीच्या पट्टीवर मात्र हजार वॅट लिहिलं होतं. नव्या कॉईलचा रोध अठ्ठेचाळीसच्या वर असणार.

"तार आखूड झाली, अडवणूक कमी झाली," सर आईला म्हणाले. "म्हणून वीज जास्त वाहते आणि शेगडी जास्त तापते. तुमचंच बरोबर आहे, बाई. पण आता ही कॉईल बदला. घरातली वायर एवढा भार सोसायची नाही."

आईने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही.

शहरात महाल भागातल्या एका दुकानातून आम्ही नवी कॉईल घेतली. दूध पुन्हा सावकाश तापू लागलं. तेवढ्या वेळात आई माझ्या वहीच्या मागच्या पानावर भागाकार शिकायला लागली. महिनाभराने तिने इस्त्रीवरची पट्टी बाबांकडून वाचून घेतली, इस्त्रीतून किती वीज वाहते ते काढायला जमिनीवर खडूने आकडे मांडले आणि मला हाक मारली, "पाह्य वं, बरोबर आलं का?"

एक आकडा चुकला होता. मी सांगितल्यावर तिने तो तळहाताने पुसला आणि पुन्हा मांडायला बसली.