वगळायचा ससा

ससा उचलण्याआधी मामा दोन्ही तळहात स्वतःच्या पोटावर चोळून गरम करायचे. मग पिंजऱ्यात हात घालून म्हणायचे, "भिऊ नको रे, हांव आसां, मी आहे." माणसांशी मात्र ते फारसं बोलत नसत.

पणजीजवळच्या एका संशोधन केंद्रात प्राण्यांची खोली त्यांच्याकडे होती. रोज मुळगावहून बसने येत. मी पेडण्याची, नुकतीच लागलेली; मला ते 'बाय' म्हणत. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पगाराच्या यादीत तळाला, पण तो रजेवर गेला की सगळ्यांचं काम अडतं.

कर्करोग गाठीतून निघाला की ज्या लसिकाग्रंथीत पहिल्यांदा पोचतो, ती ओळखण्यावर आमचं काम चाले. सशाच्या मागच्या पावलात रोगाची गाठ वाढवलेली असे. तिच्या कडेला निळा रंग टोचायचा आणि मामांनी ती जागा अंगठ्याने सावकाश चोळायची. थोड्या वेळाने गुडघ्यामागची ग्रंथी निळी होई. मग सशाला कायमचं झोपवून ती आणि तिच्या पुढच्या ग्रंथी तपासायच्या. पहिली निर्दोष तर पुढच्याही निर्दोष, एवढं ठरलं की स्तनाच्या ऑपरेशनात बायकांच्या काखेतल्या साऱ्या ग्रंथी काढाव्या लागणार नव्हत्या.

"म्हणजे आधी राखणदाराक विचारायचं," मामा म्हणाले. "तो सांगतो कोणीच आयलो नाय, तर घरावर धाड कित्याक?"

मग त्यांनी बहिणीचं सांगितलं. विधवा, त्यांच्याकडेच राहायची. तिच्या काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या होत्या आणि एकीतही रोग निघाला नव्हता. हात मात्र सुजला तो सुजलाच. लावणी सुटली, घागर सुटली. आमचा प्रयोग जमावा असं आम्हा शिकलेल्यांपेक्षा त्यांनाच जास्त वाटत होतं.

शेवटच्या खेपेत एक ससा नडला. त्याची निळी ग्रंथी स्वच्छ निघाली, आणि तिच्या पुढच्या, जांघेतल्या बिनरंगाच्या ग्रंथीत रोग सापडला. आमचे प्रमुख सर म्हणाले, "टोचणं चुकलं असेल. हा वगळा." मी वहीत त्याच्यावर रेघ मारली.

मामा पिंजरे धूत होते. ओल्या हातांनीच जवळ आले.

"बाय, ह्याका कित्याक खोडलंस? टोचणं बरोबर होतं. मीच धरला होता."

"एका सशानं काय होतं, मामा?"

"एक ससो न्हय तो. एक बायलमनीस ती. राखणदार सांगणार सगळं बरं आसा, ती घरी जाणार. मागीर?"

ते स्वतःच सरांच्या दारात जाऊन उभे राहिले. "सर, त्यानं जीव दिलो. त्याचं खरं तरी लिहा."

"तुम्ही पिंजरे बघा," सर म्हणाले.

मामा परत आले आणि पिंजरे बघू लागले. मी दुसऱ्या दिवशी तो ससा पुन्हा लिहिला. सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण ओळ राहिली. मामांना मात्र त्यांनी भांडाराकडे पाठवलं. तिथे ते बाटल्या मोजत. निवृत्त झाले त्या दिवशी निरोप न घेताच बसला गेले.

लेख छापून यायला पुढे बराच काळ गेला. तो दाखवायला मी मुळगावला गेले. दार बहिणीने उघडलं. मामांना जाऊन वीस दिवस झाले होते.

सुजलेला हात पदराखाली धरून तिने मला बसवलं. "तू त्याच्या हापिसातली? कागदांचं काम करी ना तो?"

मी हो म्हणून मान हलवली. लेख पिशवीतच राहिला.

"एक विचारू, बाय? गोंयकार माणूस तो, पण त्या नोकरीक लागलो आनी नुस्तें सोडलं. मासळी नाही, मटण नाही, कोंबडी नाही. माझ्यासाठी तो बाजारातून आणून द्यायचो, पण स्वतः भात आनी लोणचं. विचारलं तर म्हणे, पोटाक सोसना. खरंच पोटाचं काय होतं? तुमकां कधी सांगितलं?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पोटाचंच होतं, आक्का," मी म्हटलं.

"तरीच," ती म्हणाली, आणि डाव्या हाताने चहाचं आधण ठेवू लागली.