मावशीच्या नाकाचे राखणदार

राऊत सरांनी माझी मुलाखत घेतली ती माझ्याच जबड्यावर. "दात आवळा, सिस्टर. गालाचा स्नायू फुगला? आता त्याच्या पुढे, जबड्याच्या कडेवर बोट ठेवा. काय लागतंय?"

"ठोके."

"चेहऱ्याला रक्त इथून वर जातं. उद्यापासून या." प्रमाणपत्रांची पिशवी उघडायची राहूनच गेली.

बोईसरच्या आमच्या छोट्या इस्पितळात फाटलेले चेहरे सांधणारे हे एकटेच. कारखान्यातला कामगार कळवळायचा, "साहब, टाँका लगाओ ना!" आणि सर त्याच्या जबड्याला बोट लावून, डोळे मिटून बसलेले. मला म्हणायचे, "कातडी कुणीही शिवेल हो. रक्त कुठून येतंय ते आधी बघा."

शिरगावच्या जनीमावशीचं वाळत घातलेल्या बोंबलांवरून कुत्र्याशी भांडण झालं आणि कुत्र्यानं तिच्या नाकाचा शेंडाच नेला. सरांनी भुवईजवळची रक्तवाहिनी शाबूत ठेवून कपाळाच्या कातडीची पट्टी खाली वळवली आणि नाकावर शिवली. तीन आठवडे ती तशीच लोंबती ठेवायची, कारण तोवर नव्या नाकाला रक्त तिच्यातूनच मिळतं. बाराव्या दिवशी मावशी दारात हजर. दोन दिवसांवर पोरीची हळद.

"ही सोंड आज कापा. व्याह्यांसमोर गणपती होऊन बसू काय?"

"आज कापली तर नाक मरेल, मावशी."

"तुमी नाय कापली तर मी कापते. घरात कोयता हाय!"

ती कापायला कमी करणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी तिला समजवायला पुढे झाले. सरांनी मात्र मऊ रबर घेऊन पट्टीभोवती अलगद आवळलं आणि तिच्या हाती आरसा दिला. नाकाचा शेंडा आधी पांढुरका पडला, मग निळसर. कल्ला उचलून मासा पारखण्यात जन्म गेलेली बाई ती. तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

"आयो! शिळा झाला! सोडा, सोडा!"

हळदीला मावशी सोंडेसकट बसली. लाडानं हळद फासताना कुणी पट्टी ओढू नये म्हणून सरही मला घेऊन गेले. फोटोत नवरी, व्याही, मावशी आणि तिच्या नाकावर बोट दाबून रंग तपासणारे गंभीर राऊत सर. "हे नवरीचे मामा काय?" व्याह्यांनी मला हळूच विचारलं.

तीन आठवडे भरले. सर पुन्हा रबर बांधून घड्याळाकडे बघत बसले. नाक गुलाबीच राहिलं, तेव्हा कुठे त्यांनी पट्टी कापली. मी आरसा धरला, तर मावशीनं डोळे गच्च मिटले.

"तुमीच बघा, डाक्टर. मना रडू आला तर टाके जातील."

सर वाकून बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"बोला ना! काला पडला काय?" मावशी डोळे मिटूनच ओरडली.

"नाही मावशी," मी म्हटलं, "नाक छान आहे. सर रडतायत."