शनिवारचं एरंडेल आणि गयाचं लग्न

असले किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. पोटात साचतं तसे! आणि पोटात काही साचू द्यायचं नाही, हाच तर आमच्या घरचा कायदा होता.

तर गोदेच्या काठी, शहागडाच्या अलीकडं एक गाव होतं. त्या गावात एक सासरा होता, एक सासू होती, त्यांची एक लेक होती, गया. आणि एक सून, म्हणजे मी. देवानं घरात ज्वारी दिली, कापूस दिला, दुभतं दिलं. फक्त गयाचं लग्न तेवढं जमू दिलं नाही. खरं तर यात देवाचा काही दोष नव्हता. दोष होता सासऱ्यांच्या काढ्याचा!

मामंजी एकदा कापसाची गाडी घेऊन जालन्याला गेल्ते. पोट दुखत होतं, म्हणून जुन्या जालन्यात एका वैद्याकडं शिरले. वैद्य म्हणाला, "सगळे रोग पोटातच राहतात." झालं! मामंजी गाडीत जुलाबाच्या सोनामुखीचं पोतं टाकूनच परतले. उंबऱ्यातूनच हुकूम सुटला, "आजपासून चहा बंद, मिरची बंद. सकाळी कडूनिंबाचा रस. शनिवारी समद्यांनी एरंडेल. आन् पाव्हना आला की आधी सोनामुखीचा काढा!"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "मंग पाव्हना परत येईल का?"

"येईल की. साफ होऊन येईल!"

*

शनिवारी आमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नसे. सगळे एकमेकांवर नजर ठेवून बसलेले. माणसं जास्त आणि तांबे कमी! एक उठला की दुसरा उठायचा, आणि मग दारापर्यंत पळापळ. तेव्हा घरात संडास कुठले? सगळा कारभार नदीकडच्या बाभळींच्या आड.

अशाच एका शनिवारी भर उन्हाचा एक वाटसरू ओट्यावर टेकला. "माय, घोटभर पानी द्या."

आत्याबाईंनी मांडणीकडं बघितलं, चुलीमागं बघितलं, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "बस बाबा जरासा. पानी लई हाये, पन तांबे समदे कामावर गेलेत!"

*

मग निघालं मातीचं खूळ. पोटावर ओली काळी माती थापायची आणि उन्हात पडून राहायचं, म्हणजे आतली उष्णता निघते म्हणे. मामंजींनी शेतातली माती आणून मडक्यात भिजत घातली. चार-पाच दिवस तीच माती वापरून राह्यले.

एका सकाळी बाजेवर पडले होते. आत्याबाई ताक घेऊन गेल्या आणि वाकून बघायला लागल्या. बेंबीच्या वर हरभऱ्याचा हा एवढा कोंब!

"काय बघून राह्यलीस?" मामंजी म्हणाले.

"पेरनी बराबर साधली," आत्याबाई म्हणाल्या. "आता पाखरं हाकायला कोन बसावं, ते सांगा!"

*

गयाला पहिलं स्थळ अंबडकडचं आलं. पोरगा देखणा, बोलायला गोड. पोहे यायच्या आत मामंजींनी त्याच्या हातात काढ्याचा ग्लास दिला. सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? प्याला बिचारा. मामंजी खूश! "पोराला आवडला वाटतं," म्हणून दुसरा ग्लास भरला.

परतताना त्यांची गाडी वाटेत इतक्या वेळा थांबली, की शेवटी बैलच कंटाळून बसले! चार दिवसांनी निरोप आला, "पोरगी लाखात एक हाये. पन सासुरवाडीला यायची पोराची हिंमत न्हाई."

पुढची दोन स्थळंही तशीच गेली. मग तर पाहुणे शहागडच्या चहाच्या हॉटेलात आमचं घर विचारायचे, काढ्याचा किस्सा ऐकायचे आणि चहा पिऊन तिथूनच माघारी फिरायचे. गया एकदा मला म्हणाली, "वहिनी, माझं लगीन या ग्लासात बुडनार बघ." म्हणाली हसत, पण डोळे भरले होते पोरीचे.

*

बहात्तरचा दुष्काळ पडला. खडी फोडायच्या कामावर सगळा गाव. मामंजी तिथंही गेले आणि दुपारच्या सुट्टीत लागले समजावायला, "लंघनाचे लई फायदे असतेत. आंग आतून बिलकुल साफ होतं."

कौसाबाई म्हणून एक बाई होती. कामावर वाटलेल्या सुकडीची मूठ तोंडात टाकता टाकता ती म्हणाली, "पाटील, आमी इतके साफ झालो, की आरपार दिसून राह्यलं. आता जरा घान होऊ द्या!"

त्या दिवशी मामंजी घरी आले ते थेट ज्वारीच्या कणगीपाशी गेले. रात्री आत्याबाईंना म्हणाले, "उद्या धा पायली ज्वारी कामावर धाड." काढा काही नाही धाडला!

*

मामंजींचं स्वतःचं लंघन सोमवारी असायचं. एका सोमवारी आमचे हे शहागडला गेल्ते. बघतात तर हायवेवरच्या हॉटेलात, ट्रकवाल्यांच्या घोळक्यात, मामंजी! समोर भज्यांची प्लेट.

"आबा, तुम्ही खाऊन राह्यले?"

"खाऊन न्हाई राह्यलो. पोट किती साफ झालं, ते तपासून राह्यलो!"

*

आणि मग घनसावंगीकडचं स्थळ आलं. आत्याबाईंनी आदल्या दिवशीच सोनामुखी, एरंडेल, सगळं पेटीत घालून कुलूप लावलं. किल्ली कमरेला. मामंजींना लेकीची शपथ घातली, "उद्या तोंडातून पोट हा शब्द काढायचा न्हाई!"

पाहुणे आले. नवरा मुलगा साधा, हसरा. पण त्याचा बाप! भुवया चढलेल्या, तोंड आंबलेलं, एक हात फुगलेल्या पोटावर. साजूक तुपातल्या शिऱ्याकडं वैऱ्याकडं बघावं तसं बघत होता. मध्यस्थ माझ्या नवऱ्याच्या कानात म्हणाला, "यांनी तीन पोरी नाकारल्या. कशातच मन लागत न्हाई त्यांचं."

मामंजींना सगळं कळत होतं. पण शपथ! नुसते धोतराचा सोगा पिळत बसले.

गया पाटावर येऊन बसली. म्हातारा खेकसला, "स्वयंपाक येतो का?"

गया खाली बघूनच म्हणाली, "येतो." मग मान वर केली. "मामा, कधीपासून?"

बैठक गार! आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

म्हातारा तिच्याकडं बघतच राहिला. मग बारीक आवाजात म्हणाला, "दिवाळी झाल्यापासून, माय."

गया उठली, आत आली, आत्याबाईंपुढं हात केला. "आई, किल्ली."

ग्लास बाहेर गेला. म्हातारा एका दमात प्याला.  मध्यस्थानं पावसापाण्याचं काढलं, पण सगळ्यांचं लक्ष म्हाताऱ्याच्या पोटाकडं. बऱ्याच वेळानं म्हातारा एकदम उभा राहिला. "तांब्या! जल्दी!"

तो बाभळींकडं गेला तो लवकर येईनाच. मध्यस्थ म्हणाला, "हे बी गेलं." गया आत जात्यापाशी तोंड लपवून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून खिडकीतून वाट बघत होते.

आला! फेटा मागं सरकलेला, भुवया जागेवर, चालण्यात नवरदेवाची ऐट. येऊन बसला, शिऱ्याची बशी पुढं ओढली, चाटूनपुसून साफ केली, आणि आमच्या मामंजींना हाक मारली, "व्याही!"

आत्याबाईंच्या हातातलं ताट पडलं.

"बघता काय, कुंकू लावा पोरीला! आन् तो तांब्या भरून ठेवा. टिळा झाला की अजून एक डाव जाऊन येतो!"