उपरण्याखालचा सौदा

नगरमध्ये माझ्याबद्दल एक बोललं जातं — या माणसाला सांगितलेलं भिंतीलाही कळत नाही. हे कानावर आलं की मी विषय बदलतो. का बदलतो, ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही.

आधी थोडं माझं. आडवळणाने जातोय — कळतंय मला.

वडील तिसगावच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. उपरण्याखाली दोघांचे हात जायचे आणि बोटं दाबून भाव ठरायचा. तोंडातून शब्द नाही. नंतर कुणी जाब विचारलाच, तर छातीवर हात ठेवून म्हणता यायचं — मी कुठं काय बोललो? ही विद्या मला घरातच मिळाली. मानसोपचाराची नंतर मिळवली. अडून, भांडून, प्रत्येक ठिकाणी घासाघीस करून. मला कुणी काही आयतं दिलं नाही.

भिंगारमध्ये दवाखान्यासाठी पहिली खोली बघायला गेलो, तेव्हा जागेचा मालक — बांधकामाचा ठेकेदार — चारचौघांत हसला. "येड्यांची शाळा काढताय का मास्तर? पाटी-पेन्सिल आमच्याकडनं घ्या!" सगळे खिदळले. भाव करायला गेलेला मी, एक शब्द न बोलता जिना उतरलो. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

पुढे नगरला जागा मिळाली. माणसं येऊ लागली — तोंडाला रुमाल बांधून, मागच्या जिन्याने. आणि एक दिवस त्याच ठेकेदाराची मुलगी आली. तिला इथं शुभा म्हणतो. आई गेल्यापासून गर्दीत तिची छाती धडधडायची, श्वास अडकायचा. एवढंच. बाप सोडायला यायचा, पण वर कधी आला नाही. कोपऱ्यावर गाडीच्या काचा लावून बसायचा. मी खिडकीतून बघायचो. बरं वाटायचं मला. खोटं कशाला बोलू?

शुभा सावरली. पहिल्यांदा एकटी बाजारात जाऊन आली, त्या दिवशी माझ्यासाठी पेरू घेऊन आली होती. मग लग्न जुळलं. मुलगा मिरजगावचा, पसंती झालेली, फक्त सुपारी फुटायची राहिलेली. मला सांगताना लाजली होती.

त्यानंतर मुलाचे मामा माझ्याकडे आले. सोयरीक करताना आपल्याकडे चौकशी होतेच — शेजाऱ्याकडे, किराणा दुकानात, दवाखान्यात. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"साहेब, राग मानू नका. भिंगारच्या ठेकेदाराची पोरगी तुमच्याकडं येती म्हनं. डोक्याचं काय हाय का? पोरगी मी काय बघितल्याली न्हाई, पन भाच्याच्या जन्माचा प्रश्न हाय."

याचं उत्तर ठरलेलं असतं. कोण येतं, कोण येत नाही, हे मी कुणाहीबद्दल सांगत नाही. हे वाक्य मी कितीतरी नातेवाइकांच्या तोंडावर फेकलं होतं. तेव्हाही जिभेवर होतं. मग का गिळलं?

मला भिंगारचा तो जिना आठवला.

मी चष्मा काढला. पुसला. खिडकीतून कोपऱ्याकडे बराच वेळ बघत राहिलो. मग म्हणालो, "चहा घेणार?"

"समजलं साहेब," मामा उठले. "समजलं. लई उपकार झाले."

मी कुठं काय बोललो?

लग्न मोडलं. पत्रिका जुळत नाही, असा निरोप आला. शुभाचा श्वास पुन्हा अडकू लागला. ती माझ्याकडेच आली — दुसरीकडे कुठे जाणार? "पत्रिकेचं निमित्त आहे सर. बघणाऱ्याला माझ्यात काही दिसतं का?" नाही, म्हणालो मी. आणि तिला उभं केलं. इतकं चांगलं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. ती मानसशास्त्र शिकली. तिच्या शब्दावर माणसं माझ्याकडे आली, माझं नाव झालं. आज ती शेजारच्या खोलीत समुपदेशनाला बसते. मागचा जिना तिनेच बंद करायला लावला. "समोरून या, लाजायचं काय त्यात?" म्हणते.

आणि मी? दारात कुणी मिरजगाव म्हटलं, की मी समोरच्या फाइलीत तोंड खुपसतो.

गेल्या आठवड्यात ते मामा आले. बाळंतपणापासून गप्प झालेल्या सुनेला घेऊन. शुभाच पुढे झाली. "कुठून आलात?"

"मिरजगाव."

तिने क्षणभर त्यांच्याकडे निरखून बघितलं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. तेवढ्यात मी दारात आलो आणि मामांनी हात जोडले. "ह्येच ते साहेब! बाई, ह्यांनी आमच्या भाच्याचा जलम वाचवला. तोंडातनं शबूद न काढता!"

शुभा सुनेला आत घेऊन गेली. काम संपल्यावर माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"मामा कशाबद्दल बोलत होते, सर?"

मी चष्मा काढला. पुसला. ती थांबली. समोरचा गप्प झाला तर घाई करायची नाही, ते गप्प राहणंच ऐकायचं — हे तिला मीच शिकवलंय.

"चहा घेणार?" तोंडातून निघून गेलं.

"नको, सर." ती अजून बघत होती. मग गेली.

ती रोज कामावर येते. पुन्हा विचारलेलं नाही. भिंतीपलीकडून तिची खुर्ची सरकली, की मी दाराकडे बघतो. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

मी बोललो होतो. बापावरचा राग काढायला मुलीचं लग्न मी मोडलं. त्या दिवशी माझ्यावर हसणाऱ्यांत ती नव्हती.