गिरणी बंद करा, मागणी चाललीय!

थांबा थांबा, हातातलं ठेवा जरा. हे मला आत्ताच सांगायला पाहिजे, नायतर पोट फुटेल माझं. समोर टेबलावर स्टीलची वाटी आहे, वाटीत बांगड्या आहेत आणि बांगड्यांची मालकीण पसार आहे.

आमच्या काकू रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरल्या की पहिल्यांदा बांगड्या काढायच्या, कारण माईकला बांगडी लगेच ऐकू जाते. त्या ह्या वाटीत टाकायच्या, वरून रुमाल झाकायचा, खुर्ची पुढं ओढायची आणि म्हणायच्या, "चला, प्रेम करूया."

वय एकसष्ट. आणि हे रोज सकाळी अकराला!

कोल्हापुरात मंगळवार पेठेत पिठाच्या गिरणीच्या वर आमचा दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. तिथं ऑडिओबुकं होतात. काकू वाचायच्या, मी चुका कापायचे. पुण्याच्या एका कंपनीनं काम दिलेलं. दोनशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी प्रेमकथा, मराठीत, जास्तीची रोमँटिक करून, नव्यानं सांगायची. आणि एकदा नाही, चारदा! एकदा नायिकेच्या बाजूनं, एकदा नायकाच्या, एकदा मैत्रिणीच्या, आणि एकदा दोघांना उचलून आजच्या काळात आणून. गोष्ट तीच. तो श्रीमंत, नाक वर, बोलणार नाही. ती हुशार, तोंडाळ, ऐकणार नाही. मधे बग्ग्या, नाच, पत्रं. शेवटी लग्न.

काकूंना त्या नायकाचा भयंकर राग. "चौथ्यांदा बघतोय ह्याला. चौथ्यांदा बी खांबासारखा हुबा! आरं बोल की मुडद्या." हेही रेकॉर्ड व्हायचं. मी कापायचे.

(आमच्याकडं जुन्या बायकापण "मी बघतो, मी जातो" असंच म्हणतात. काकूंच्या तोंडून नायिकाही तसंच बोलायची. पुण्याहून ईमेल आला, "नायिका नक्की कोण आहे?")

त्यांची आधीची नोकरी बस स्टँडवरची. तीस वर्षं माईकवरून गाड्या पुकारल्या. त्यामुळं पहिल्या दिवशी नायकाची मागणी त्यांनी अशी काही वाचली, "माझं... तुमच्यावर... मनापासून... प्रेम आहे", की मी हेडफोन लावून फलाट नंबरची वाट बघत बसले.

आता गिरणीचं ऐका. खाली गिरणी चालू असली की आमची जमीन थरथरते. त्या घरघरीत प्रेम होत नाही. म्हणून ठरलेलंच होतं, हळवी जागा आली की काकू खिडकीतून ओरडणार, "मामा, गिरणी बंद करा, मागणी चाललीय!" गिरणीवाले मामा दहा मिनिटं थांबवायचे. दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन आमच्या जिन्यात बसायच्या. दार पातळ, सगळं ऐकू जायचं.

"काय झालं? व्हय म्हणाली?"

"न्हाय म्हणाली."

"बरं केलं. एवढा माज असल्यावर कोण व्हय म्हणंल?"

"दिसायला बरा असणार पण."

"दिसणं काय चाटायचंय?"

एक वहिनी तर नंतर नंतर रिकामा डबा घेऊन यायला लागल्या.

तर त्या गोष्टीत एक जागा आहे. नायकाची श्रीमंत मावशी बग्गीतून येते आणि नायिकेला दारातच झापते, आमच्या पोराचा नाद सोड, तू आमच्या बरोबरीची नाहीस. स्क्रिप्टमध्ये चार ओळी. गिरणी बंद होती, जिना भरलेला. काकूंनी कागद खाली ठेवला आणि सुटल्या.

"कुणाच्या दारात आलाईस, कळतंय का? शिकलास म्हणून घराणं बदलतंय व्हय? गुरांचा डॉक्टर झालास म्हणून माझी पोरगी द्यायची तुला? उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाय. हितनंच फिर माघारी!"

अंगावर काटा आला माझ्या. जिन्यातनं कोणतरी "अगं बया" म्हणालं. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात डोक्यात आलं, आपल्या गोष्टीत गुरांचा डॉक्टर कुठाय?

काकू माईककडंच बघत होत्या. "काप ते."

"काकू, लई भारी झालंय ओ!"

"भारी का होणार न्हाय? पाच वर्षामागं एकदा म्हणून झालंय."

मग हळूहळू कळलं. काकूंच्या पोरीनं नेसरी गावच्या मुलाशी लग्न केलं. बौद्ध घरातला, गुरांचा डॉक्टर. लग्नाआधी तो एकटाच, इस्त्रीचा शर्ट घालून, घरी विचारायला आलेला. काकूंनी त्याला दारात उभं करून हे ऐकवलं. त्यानं चपला घातल्या आणि गेला. दुसऱ्या दिवशी पोरगीही गेली. तेव्हापासून फोन नाही की येणंजाणं नाही. नात झाली, तेही काकूंना तिसऱ्याकडून कळलं.

"आणि गंमत सांगू का पोरी? त्याच्या आदल्याच महिन्यात माझी म्हैस आडवी पडलेली. तवा त्यो हितल्याच दवाखान्यात व्हता, डॉक्टर म्हणून त्योच आलता. दोन दिवस गोठ्यात बसून उठवली तिला. चहा दिला मी त्याला, चांगल्या कपात. तवा कुणाचा कोण, कायबी इच्यारलं न्हाय." मग रुमालानं नाक पुसलं. "माझ्या म्हशीला चालला त्यो. मला न्हाय चालला."

मी तो तुकडा कापला. कागदावरच्या चार ओळी काकूंकडून परत वाचून घेतल्या, अगदी सपाट. पुण्याहून निरोप, "मावशी जरा मवाळ वाटते, राग वाढवता येईल का?" मी तो निरोप पुसून टाकला.

पण खरी पंचाईत पुढं झाली. गोष्टीत नायक शेवटी सरळ होतो, येऊन म्हणतो, मला गर्व होता, मी चुकलो. काकू तिथं अडकल्या. सात वेळा घेतलं. "मी चुकलो" आलं की आवाज बसायचा. खालनं मामा ओरडले, "काकू, दळणं रखडलीत! चुकला म्हणून सांगून टाका की एकदा!"

काकूंनी मला विचारलं, "हेच पोरीला धाडलं तर?"

"नायकाचं? तिला वाटंल आईचं डोकं फिरलं."

"मग काय करू? फोन हातात घेतला की तोंड उघडत न्हाय माझं. माईकसमोर उघडतंय."

"मग माईकसमोरच बोला. कागद ठेवा बाजूला."

काकूंनी पदर नीट केला. घसा खाकरला. आणि जो आवाज मी सहा महिने घालवायला बघत होते, तोच आला. स्टँडचा.

"नेसरीत राहणाऱ्यांनी इकडं लक्ष द्या. कोल्हापूरची तुमची आई... पाच वर्षं... उशिरानं धावत आहे. चूक आईची हाय. डॉक्टरांना दारात जे बोललो, ते बोलायला नको होतं. ते मी माघारी घेतो. आईनं निघावं का न्हाय, तेवढं कळवा. गैरसोयीबद्दल..."

आणि थांबल्या. तीस वर्षं रोज म्हटलेलं वाक्य, पण त्याचं शेपूट काही आलं नाही.

मी एक श्वासही कापला नाही. काकूंच्या फोनवरून तसंच पाठवलं. दोन खुणा निळ्या झाल्या. मग काहीच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी काकू "चला, प्रेम करूया" न म्हणताच बसल्या. शेवटचा अध्याय राहिलेला, लग्नाचा. बांगड्या वाटीत, गिरणी बंद, जिना फुल्ल. पहिली ओळ वाचणार तेवढ्यात फोन थरथरला. फोनवरचं बारीक अक्षर काकूंना लागेना, म्हणून मेसेज मीच वाचला. पोरीच्या नंबरवरून, एकच ओळ.

"डॉक्टर विचारतायत, म्हैस कशी हाय?"

मी म्हटलं, "बरी हाय म्हणून कळवू?"

"हे काय फोनवर सांगायचं व्हय? जाऊन सांगतो."

आणि निघाल्या की! जिन्यातल्या बायका डबे सावरत बाजूला झाल्या. एकीनं विचारलं, "काकू, नेसरीची गाडी किती वाजता हाय, माहीत हाय का?"

"मला शिकवतीस गाड्या?" एवढं खालनं ऐकू आलं.

ह्याला आज चार दिवस झाले. म्हशीकडं गिरणीवाले मामा बघतायत. पुण्याहून रोज फोन, "लग्न कधी होणार?" जिन्यातल्या बायका विचारतायत, काकू कधी येणार? नायकाचं नाव आता कुणी काढत नाही. आणि मी बसलेय ह्या वाटीसमोर. खाली गिरणी सुरू झाली की जमीन थरथरते आणि रुमालाखाली बांगड्या किणकिणतात. कापायला हेडफोन लावला तरी तो आवाज ऐकू येतो आणि मी उगाच दाराकडं बघते.

तुमच्याकडं झालंय का ओ असं कधी? एकाच्या तोंडून "चुकलो" निघावं म्हणून अख्खी गल्ली दळण थांबवून बसलीय, असं? सांगा की!