वाट बघणारा इन्स्पेक्टर

"आत्या, ह्याच्यात खेळायला हाय तरी काय?" असं म्हणून भाचा हसला आणि माझं डोकंच फिरलं. भाचा म्हणजे माझ्या मावसभावाचा मुलगा. दिवाळीला आला तेव्हा कुठून तरी तो जुना गेम शोधून, लॅपटॉपवर घालून घेऊन आला. चांगलंच केलं पोरानं. पण आणायचं आणि वर नावं ठेवायची, हे काय! चित्र गढूळ हाय म्हणे. माणसं गॅदरिंगच्या नाटकातल्यासारखी ओरडतात म्हणे. काहीही दाबा, शूटिंग आधीच होऊन गेलेलं, एका दुपारीत खेळ खलास. सगळं खरं आहे त्याचं. "सरक तिकडं," म्हणाले आणि माउस ओढून घेतला.

औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं त्या वर्षीची गोष्ट. आमचं घर मानवतला. मी कॉलेजसाठी परभणीला मावशीकडं राहायची. मावशीच्या मुलानं, आमच्या दादानं, म्हणजे ह्या भाच्याच्या वडलांनी, समोरच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. दादानं हैदराबादहून सीडी चालणारा रंगीत कॉम्प्युटर रेल्वेनं मांडीवर घेतल्यागत सांभाळत आणला. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मगच आत. बाहेर ऊन मी म्हणत असायचं आणि आत पडदे ओढून एसी लावलेला. आम्हाला तसलं गार कधी मिळालं नव्हतं, पण त्या यंत्राला मिळायचं.

परीक्षा संपल्यावर दुपारी क्लास रिकामा असला की मी तो गेम खेळायची. एका बंगल्यात खून झालाय. चित्रं नव्हेत, खरी माणसं, सिनेमातल्यासारखी. इन्स्पेक्टर समोर येतो, तुमच्या डोळ्यांत बघून इंग्रजीत प्रश्न विचारतो, आणि खाली तीन उत्तरं येतात. एक दाबलं की सिनेमा पुढं. आणि नाही दाबलं तर? तर तो थांबतो. हातातली हॅट फिरवतो, खिडकीकडं बघतो, परत तुमच्याकडं बघतो. पुन्हा हॅट, पुन्हा खिडकी. मधे एक बारीकसा झटका बसतो, तेवढाच.

"दाब की गं, लाइट जाईल!" दादा ओरडायचा. मी दाबायची नाही. मुद्दाम.

कारण त्या दिवसांत माझ्या जिवाला थारा नव्हता. औरंगाबादला जाऊन एमए करायचं, एवढं एकच डोक्यात. ज्या नावासाठी आमच्या लोकांनी इतकी वर्षं सोसलं, त्या नावाच्या विद्यापीठाची पदवी मला पाहिजे होती. बाबांनाही पाहिजे होती. पण नामांतरावरनं तिकडं वातावरण तापलेलं, एसटी कधी चालू कधी बंद, आणि बाबांची भीती काही केल्या जात नव्हती. "पोरगी एकटी कशी पाठवू?" ह्यापुढं त्यांचं बोलणं सरकायचं नाही. मी भांडायची, ताट ढकलायची, मावशीच्या अंगणात येरझारा घालायची. मी मुलखाची बोलभांड, पण माझं ऐकून घ्यायला कुणाला सवड होती? त्या इन्स्पेक्टरला होती.

एक दिवस आई न सांगता परभणीला आली. दारात चपला काढून आत डोकावली, तर पडद्यावर इन्स्पेक्टर हॅट फिरवत उभा.

"कोण हाय गं ह्यो? किती येळ झाला उभा हाय बिचारा. बस तरी म्हण!"

"आई, सिनेमा हाय तो."

"मग काय झालं? इचारलंय त्यानं तर उत्तर दे की. असं ताटकळत ठिवू न्हाई माणसाला." मग पदराला हात पुसत म्हणाली, "ऊठ. उद्या पाव्हणे यायलेत बघायला. मुलगा येलदरीला वीजकेंद्रात नोकरीला हाय."

आल्या एसटीनंच आईनं मला मानवतला आणलं. सगळ्या वाटेत मी मनात तीन उत्तरं तयार केली. एक, हो. दोन, नाही. तीन, मला आधी शिकायचंय. तिसरंच दाबायचं, पक्कं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पाव्हणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलगा भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघत बसलेला. बोलत होती ती त्याची आत्या. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं विचारून झालं, आणि मग ती म्हणाली, "आमच्याकडं करमंल का गं तुला?"

हाच तो प्रश्न. तिसरं उत्तर जिभेवर आलं. तेवढ्यात बाबांकडं नजर गेली. बाबांचे डोळे माझ्यावरच होते, आणि त्यात नुसती भीती. मला वाटलं, घेऊ जरा दम. मी बोलत नाही तोवर पुढं थोडंच काही सरकणार आहे? उन्हाळाभराची सवय हो ती! मी बोलल्याशिवाय सगळे थांबणार, अशी माझी खात्रीच होती.

"लाजली गं बाई!" आत्या टाळी वाजवून म्हणाली. "गप बसली म्हंजे पसंत हाय. पेढे काढा!"

"थांबा," म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्यात पेढा आला. आख्खा. तो गिळेपर्यंत बाबा व्याह्यांच्या गळ्यात पडून रडत होते, सुटल्यासारखे. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला. मग मी पाया पडायला वाकले.

नवरा चांगला निघाला. खोटं कशाला बोलू? येलदरीच्या वसाहतीत संसार झाला, पोरं शिकली, धरणाचं वारं आणि मासळी खाल्ली. पण औरंगाबादची एसटी दिसली की अजून मी पाटी वाचत उभी राहते. एमए राहिलं ते राहिलंच.

तर दिवाळीत मी माउस हातात घेतला. तोच बंगला, तोच गढूळ इन्स्पेक्टर. त्यानं प्रश्न विचारला आणि थांबला. मी म्हातारी झाले, तो तिथंच. हॅट, खिडकी, मी. माझ्या डोळ्यांना पाणीच आलं. भाचा जांभई देत होता. आमचे हे शेजारी खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला, थोडा वेळ बघितलं.

"किती येळ लावायलीस? दाब की कायतरी," असं म्हणत त्यांनी हात पुढं केला आणि बोट बटणावर ठेवलं.

मी त्यांचं मनगट धरलं. घट्ट धरलं, मलाच कळलं नाही इतकं.

"हात काढा," मी म्हणाले. "त्यानं मला विचारलंय."

हे दचकले. माझ्याकडं बघत राहिले, आणि हळूच हात मांडीवर घेतला. भाच्याची जांभईसुद्धा राहिली. इन्स्पेक्टर हॅट फिरवत होता, हे वाट बघत होते, आणि मी तिन्ही उत्तरं सावकाश, पहिल्यापासून वाचायला लागले.