आज तूप कढवलंत वाटतं?

दारात उभं राहायचं, एक चप्पल काढायची, दुसरी पायातच ठेवायची, हनुवटी वर करून डोळे मिटायचे आणि विचारायचं, "आज तूप कढवलंत वाटतं?"

हे आमचे काका. डोंबिवली पूर्वेला एमआयडीसीच्या अंगाला आमची चार मजली बिल्डिंग आहे, लिफ्ट नसलेली, आणि काका तिच्या तळमजल्यावर राहायचे. नाव सांगत नाही. तुमच्याही जिन्यात असा एखादा काका असणारच, तोच डोळ्यांसमोर आणा. फक्त त्याने तुमच्या दारात हा प्रश्न विचारू नये, एवढी प्रार्थना करा.

काकांना वास येत नव्हता. अजिबात. रंगाच्या एका कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात गेली आणि तिथल्या वाफांनी नाक कामातून गेलं. उदबत्ती लावा नाहीतर गटार तुंबू द्या, त्यांना सगळं सारखंच. "फायदाच आहे गं," म्हणायचे, "डोंबिवलीत राहायला हेच नाक हवं."

लग्न केलं नव्हतं. दोनच वेडं होती. फुकट जाणारी वस्तू कामाला लावायची, आणि दुसऱ्याला खायला घालायचं. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रिंगा कापून ते घरोघरी वाटायचे. घट्ट बसलेल्या बरणीच्या झाकणावर एक चढवा, झाकण निमूट उघडतं. ड्रॉवर अडकला की मेणबत्ती घासायचे, पर्सची चेन अडकली की शिसपेन्सिल. आमच्या सासूबाईंच्या चष्म्याचा स्क्रू हरवला, तर काकांनी तिथे दात कोरायची काडी घालून वरची मोडून टाकली. दोन वर्षं झाली, चष्मा जसाच्या तसा आहे. मी काही कचऱ्यात टाकायला निघाले की काकांचा आवाज आलाच, "टाकू नकोस. विचार कर."

शिळ्या पोळ्यांचा गूळ-तुपातला लाडू, काळ्या पडलेल्या केळ्यांचा शिरा, असलं काहीबाही करून ते डबे वर पाठवायचे. स्वतः मात्र दोन घासांत जेवण उरकायचे. "खारट, गोड तेवढं जिभेला कळतं. बाकी सगळा पुठ्ठा." तरी आम्ही काहीही दिलं की म्हणायचे, "झकास!"

तो प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तिसऱ्या मजल्यावरच्या सबनिसांच्या दारात. मी त्यांची पुरणाची चाळणी परत द्यायला गेलेले, काका नळाचा वायसर बदलायला आलेले. ते दारातच थांबले, डोळे मिटले, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की मी बघतच राहिले. खाऊचा पुडा दिसलेल्या लहान मुलाचा असतो तसा.

"वहिनी, आज तूप कढवलंत वाटतं?"

"छे हो," सबनीसबाई म्हणाल्या, "यांना तूप बंद केलंय डॉक्टरांनी. घरात थेंब नाही."

काका उंबरा ओलांडून आत आले, दोनदा हवा ओढली आणि त्यांचा चेहरा पडला. "गेला," एवढंच पुटपुटले.

पाचव्या दिवशी सबनीस पेपर वाचता वाचता गेले. वय झालेलं, कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. मग पहिल्या मजल्यावरच्या मालतीताई. ठणठणीत बाई, रोज तासभर चालायला जायच्या. काकांनी त्यांना सोमवारी विचारलं आणि शुक्रवारी त्या नव्हत्या. मग दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारे एक मास्तर, जेमतेम पस्तिशीचे. त्यांच्या दारातही काकांनी तसेच डोळे मिटले होते, हे त्यांची बायको रडता रडता मला सांगत होती.

त्यांच्याकडून परतताना मला जिन्यातच सगळं उमगलं आणि मी कठडा धरून उभी राहिले. यांपैकी एकाही घरात तूप कढलं नव्हतं. आणि काकांना वास येत नाही. मग त्यांना येतो तो वास कसला?

मी अंगारे-धुपारे करणारी बाई नाही. ठाण्याला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि दिवसभर लोकांना 'काही दुखणार नाही' म्हणून सांगते. पण त्या दिवशी माझे हातपाय गार पडले, ते गरम पाण्याच्या पिशवीनेही तापेनात.

तोडगा काढला शेजारच्या कुंदामावशींनी. "वास खरा करून टाकायचा," त्या म्हणाल्या. "त्यांनी विचारलं की हो म्हणायचं आणि ताबडतोब लोणी गॅसवर चढवायचं. मग तो साधा तुपाचा वास झाला. विषय संपला."

हसू नका. सोळाच्या सोळा घरांनी लोणी आणून फ्रिजमध्ये ठेवलं. काका चप्पल घासत जिना चढायला लागले की घराघरात टीव्हीचा आवाज बारीक व्हायचा. ती चप्पल आपल्या मजल्यावर थांबू नये म्हणून मी गॅसपाशी लायटर हातात धरून किती वेळा उभी राहिलेय, माझं मला माहीत. चप्पल पुढे गेली की मी श्वास सोडायचे, आणि मग ती वरच्या कुणाकडे थांबली असेल हे आठवून स्वतःचीच लाज वाटायची.

काकांना यातलं काही कळू द्यायचं नाही, हे मात्र न बोलताच ठरलं. काय सांगणार? की आमच्याकडे येऊ नका? आमच्या दारांखेरीज त्यांना होतं कोण! त्यांना कळलं असतं तर ते स्वतःला कोंडून घेऊन संपले असते. ते आम्हाला नको होतं. आमची मरणाची भीती खरी होती, आणि काकांवरची मायाही तितकीच खरी होती.

तोडगा पहिल्यांदा वापरला चौथ्या मजल्यावर. लागू पडला नाही, पाचवा दिवस काही चुकला नाही. "लोणी कमी होतं," मावशींनी निकाल दिला. दुसरी पाळी आमची.

सासूबाई तेव्हा पाय घसरून पडलेल्या, महिनाभर खाटेवर. काका त्यांच्या काठीच्या मुठीला ट्यूबची पट्टी गुंडाळून घेऊन आले. दारात थांबले. हनुवटी वर. "सूनबाई, आज तूप कढवलंस वाटतं?"

"हो हो, कढवतेच आहे!" मी किंचाळलेच जवळजवळ. लोण्याचा गोळा हातातून निसटून ओट्यावर पडला, तो तसाच उचलून कढईत टाकला. पुढचे पाच दिवस मी कामावर गेले नाही. सासूबाई झोपल्या की नाकाशी बोट धरायचे. एकदा त्या डोळे मिटूनच ओरडल्या, "मेले नाही अजून! बेरी उरलीय का ते बघ." तुपाच्या तळाशी राहिलेली ती खमंग बेरी साखर घालून त्या रोज वाटीभर खात होत्या. मी नाही म्हणाले नाही. म्हटलं, शेवटचं आहे, खाऊ दे.

सहावा दिवस उजाडला, सातवा उजाडला. मावशींनी पेढे वाटले. सासूबाई आज ब्याऐंशीच्या आहेत आणि माझ्या आमटीला नावं ठेवतात.

मग गेल्या थंडीतली ती सकाळ. मी घाईत, केस ओले, डबा भरायचा राहिलेला आणि फोन वाजला.

"सूनबाई, तूप कढवलंस का गं?"

"नाही हो काका! लोणी संपलंय आणि मला उशीर झालाय. संध्याकाळी बोलू." आणि फोन ठेवून मी सुटले.

रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा माझ्या लक्षात आलं. काका कधी फोन करत नसत. ते दारात येऊन विचारायचे. आज ते कुणाच्याही दारात नव्हते. ते स्वतःच्या घरात होते.

"दादा, रिक्षा वळवा."

"मॅडम, स्टेशन आलंच की."

"वळवा म्हणते ना!"

डेअरीतून अर्धा किलो लोणी घेतलं आणि धावत काकांकडे गेले. दार उघडंच होतं. काका स्वयंपाकघरात शेगडीसमोर स्टुलावर बसले होते. शेगडी पुसलेली, थंडगार. आणि चेहऱ्यावर तेच, सबनिसांच्या दारात पाहिलेलं हसू. 

"काका, मी आत्ता कढवते. मघाशी घाईत तोंडातून गेलं..."

"तू नाही म्हणालीस तेच बरं केलंस. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी खरं बोललं."

मी लोणी ओट्यावर ठेवलं.

"नाक गेलंय माझं, कान नाही गेले," काका म्हणाले. "मी विचारलं की तुम्ही हो म्हणता, आणि मग आत फ्रिज उघडतो, कढई आपटते, लायटर टकटक वाजतो. फिटर होतो मी. काय कशाच्या आधी वाजतं ते कळतं मला."

"म्हणजे... पाचव्या दिवसाचं..."

"माहितीय."

"आणि तरी विचारायचात?" मी भडकलेच. "जीव अर्धा व्हायचा हो आमचा! का विचारायचात?"

काकांनी थंड शेगडीवरून हात फिरवला.

"तीस वर्षं कसलाही वास नाही गं. फुलाचा नाही, घामाचा नाही, आईच्या ठेवलेल्या लुगड्याचा नाही. आणि मग कुणाच्यातरी दारात एकदम हा वास. आईच्या तुपाचा. उंबरा ओलांडला की संपला. कुणीतरी जाणार हे कळतंय आणि माझ्या तोंडाला पाणी सुटतंय. वाटायचं, एकदा तरी कुणी म्हणेल, हो, सकाळीच कढवलंय, ही बघा कढई. पापी माणूस आहे मी, सूनबाई."

मी कढई चढवली. "काही होत नाही तुम्हाला," मी म्हणाले, "सासूबाईंच्या वेळी लागू पडलं होतं."

काका चक्क हसले. "तुझ्याकडे त्या दिवशी वास नव्हताच. तुझ्या सासूबाईंना बेरी खायची होती आणि तू गोड देत नव्हतीस. त्यांनीच मला सांगितलं, दारात उभं राहून विचारा म्हणून."

सासूबाईंवर संतापायचं भानही मला राहिलं नाही. एवढंच कळलं की आमच्या तुपाने आजवर कुणीही वाचलेलं नाही, आणि काका जाणार. मी ओट्याला टेकून रडले.

"कढव तरी," काका म्हणाले. "आणलंयस तर टाकू नकोस."

मी लोणी कढईत टाकलं. ते तडतडायला लागलं तसे काका कान देऊन बसले. "बारीक कर. आता विड्याचं पान टाक. हं, गप्प झालं बघ. बंद कर." तूप गाळलं, खालच्या बेरीत साखर कालवली आणि वाटी त्यांच्या हातात दिली. उगाच, काहीतरी द्यायचं म्हणून.

पहिला घास घेतला आणि काका थांबले. मला वाटलं, आत्ताच झालं काही. पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सूनबाई, चव आली."

"काय?"

"आजचा वास जात नाहीये. सकाळपासून इथेच आहे. आणि त्याच्यासकट हा घास... अगं, चव आली!" त्यांनी वाटी बोटाने निपटून काढली. "अजून आहे?"

संध्याकाळी मी जबरदस्तीने डॉक्टर आणले. त्यांनी बीपी बघितलं, छाती तपासली आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत."

पुढचे चार दिवस आमच्या बिल्डिंगने काकांना जेवू घातलं. का, ते कुणी कुणाला विचारलं नाही. मऊ भात आणि मेतकूट, साबुदाण्याची खिचडी, केळ्याचा शिरा, कुणाकडून गरम पोळी-तूप-साखर. दुसऱ्या दिवसापासून त्या तुपाच्या मागून बाकीचे वासही यायला लागले. कॉफीचा आला, कोथिंबिरीचा आला, माझ्या अंगाला लागलेला दवाखान्याच्या औषधाचासुद्धा आला. एकेक वास आला की काका लहान मुलासारखे सांगायचे, आणि माझ्या अंगावर काटा यायचा. कारण दिवस सरत होते आणि वास वाढत होते.

आणि काय सांगू, माणूस चक्क चोखंदळ झाला! "कुंदाताई, डाळ करपलीय. रोजच करपायची का?" मावशी पदराने डोळे पुसत हसत होत्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी ताट उचलत होते तेव्हा म्हणाले, "उद्या भाजणीचं थालीपीठ आण. कांदा बारीक चिर. तू फार ओबडधोबड चिरतेस."

उद्या, म्हणाले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मी म्हणाले, "आणते. लोणी घालून."

सकाळी लवकर उठून मी कांदा चिरला. इतका बारीक मी जन्मात कधी चिरला नव्हता. थालीपीठ तव्यावरून थेट ताटलीत घेतलं, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि खाली गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

काका कुशीवर होते, हात गालाखाली. मी कपाळाला हात लावला. गार होतं.

घरात प्रेत असताना अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हे सासूबाईंनी मला शिकवलंय आणि ते मी आजवर पाळलंय. ताटली हातात गरम लागत होती, लोणी विरघळून कडेला आलं होतं. मी त्यांच्या खाटेशी जमिनीवर बसले आणि रडत रडत ते थालीपीठ खाल्लं. सगळं. शेवटचा तुकडा संपेपर्यंत कुणालाही हाक मारली नाही.